पार्टी संपली की हलवतो

“बाळा, खाली उतरायला दुसरा जिना कुठंय?” डीजेच्या दणदणाटात मावशी वेटरच्या कानाशी ओरडली. त्याला वाटलं, वॉशरूम विचारतायत. त्यानं तिकडंच बोट दाखवलं.

लोअर परळ, भाचीचा वाढदिवस. केक यायचा होता, पोरं नाचत सुटलेली, आणि ही बाई जिना शोधायला गेली. सापडला. दारासमोर सोड्याचे रिकामे क्रेट रचलेले, वर फुग्यांचं पोतं. मॅनेजर गोड हसून म्हणाला, “पार्टी संपली की हलवतो, काकू.”

पार्टी संपली की!

कमला मिल तिथून हाकेच्या अंतरावर. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर तिथल्या गच्चीवरच्या पबला आग लागली, १४ जण गेले. त्यात वाढदिवस साजरा करायला आलेली मुलगीही होती. जीव वाचवायला बरेच जण वॉशरूममध्ये शिरले आणि धुरानं गुदमरले.

क्रेट हलेपर्यंत मावशी दारातून हलली नाही. नंतर मात्र नाचून आम्हा सगळ्यांना दमवलं तिनं.

बुकिंग करताना आपण कव्हर चार्ज विचारतो, बाहेरचा केक चालेल का विचारतो. फायर एक्झिटचं विचारलंय कधी कुणी?