सिंगापूरची क्रूझ: टीप, ड्रिंक पॅकेज आणि शेवटच्या रात्रीचं बिल

सिंगापूरच्या मरिना बे क्रूझ सेंटरमधून रॉयल कॅरिबियनच्या जहाजावर चढलात की पूल डेकवर पहिली गाठ पडते ती ट्रे घेऊन फिरणाऱ्या वेटरशी. उंच प्लास्टिकच्या ग्लासात गुलाबी-निळं काहीतरी, कडेला अननसाची फोड. लग्नाच्या हॉलच्या दारात मिळतं तसं स्वागताचं सरबत समजून आपली मंडळी हात पुढे करतात. ते त्या दिवसाचं कॉकटेल असतं आणि ग्लाससकट विकत असतं. वेटर कार्ड मागतो तेव्हा कळतं.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. सी-पास नावाचं कार्ड मिळतं. केबिनचं दार त्यानेच उघडतं, बारचं बिलही त्यावरच चढतं आणि सगळा हिशेब अमेरिकन डॉलरमध्ये होतो. या खात्याला शक्यतो क्रेडिट कार्ड जोडा. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड जोडलं तर जहाजवाले रक्कम आधीच अडकवून ठेवतात, आणि ती प्रवास संपल्यावरही बरेच दिवस सुटत नाही. मग क्रूझनंतर सिंगापूरमध्ये दोन दिवस राहायचा बेत असेल तर हॉटेलच्या काउंटरवर कार्ड नाकारलं जातं. खात्यात पैसे असतात, पण हात लावता येत नाही.

आता टीप. आपल्याकडे हॉटेलात बडीशेपच्या वाटीत पन्नासची नोट ठेवली की विषय संपतो. अमेरिकन क्रूझ कंपन्यांत टीप ही जवळजवळ भाड्याचाच भाग आहे, फक्त जाहिरातीतल्या आकड्यात ती दिसत नाही. रॉयल कॅरिबियनचा मी पाहिलेला ताजा दर साध्या खोलीपासून ज्युनियर स्वीटपर्यंत माणशी दर दिवशी १८.५० डॉलर आणि त्यावरच्या स्वीट्सना (मोठ्या, आलिशान केबिनना) २१ डॉलर असा आहे. हे दर वाढतच जातात (२०२३च्या नोव्हेंबरात १६चे १८ झाले होते), त्यामुळे बुकिंगच्या दिवशी कंपनीच्या साइटवर खात्री करून घ्या. लहान मुलांनाही पूर्ण दर लागतो, अगदी कडेवरच्या बाळालाही. कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीत दोन वर्षांखालच्या बाळाला सूट आहे, इथे नाही.

चौघांचं कुटुंब आणि चार रात्री म्हणजे १८.५० गुणिले १६, २९६ डॉलर. डॉलर ९० रुपयांना धरला तर २६,६४० रुपये. प्रवासाचं बजेट मांडताना हा आकडा विमानाच्या तिकिटांशेजारी लिहायचा, 'वरखर्च' या रकान्यात नाही.

हे पैसे दोन पद्धतींनी जातात. एक तर बुकिंगबरोबरच आगाऊ भरायचे, नाहीतर जहाजावर रोज सी-पास खात्यात आपोआप चढतात. गोंधळ होतो तो टूर कंपनीतून गेलं की. 'सर्व टिप्ससहित' असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण त्या टिप्स ड्रायव्हर-गाइडच्या असू शकतात. म्हणून क्रूझ कंपनीचं मूळ इन्व्हॉइस मागून घ्या आणि त्यावर 'प्रीपेड ग्रॅच्युइटीज' (आगाऊ भरलेली टीप) ही ओळ आहे का ते बघा. ओळ नसेल तर पैसे जहाजावर कापले जाणार, टूरवाल्याने तुमच्याकडून आधी काहीही घेतलेलं असो. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर खातं उघडून बघावं. तक्रार करायची ती तेव्हाच. शेवटच्या सकाळी गेस्ट सर्व्हिसेसपुढची रांग जिन्यापर्यंत गेलेली असते.

ही रोजची टीप काढून टाकता येते का? येते. गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन सांगायचं, ते कमी करतात किंवा काढतात. पण ती रक्कम केबिन आवरणारा, डायनिंग रूममधले वेटर, स्वयंपाकघर आणि तुम्हाला कधीच न दिसणारे लाँड्रीतले हात यांच्यात वाटली जाते, आणि त्यांच्या कमाईचा मोठा हिस्सा तीच असते. 'आम्ही रोख देऊ ना' म्हणून कपात थांबवणारे बरेच असतात. त्यातले रोख किती देतात हे सांगायला नको. शिवाय काही कंपन्यांत, पाहुण्याने टीप काढली असेल तर त्याच्याकडून मिळालेली रोख रक्कमही कर्मचाऱ्याला सामाईक खात्यात जमा करावी लागते. सेवा खरंच वाईट असेल तर पहिल्याच दिवशी हेड वेटरला किंवा हाउसकीपिंगच्या प्रमुखाला सांगा. टीप कापणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

बारचं गणित वेगळं आहे. तिथे प्रत्येक पेयावर १८ टक्के ग्रॅच्युइटी लागते, आणि रोजच्या १८.५०शी तिचा संबंध नाही. १४ डॉलरचं कॉकटेल घेतलं तर २.५२ चढून १६.५२ होतात. सहीसाठी कागद पुढे आला तर नीट वाचा. वर पेयाचं नाव, खाली १४.००, त्याखाली २.५२, मग बेरीज, आणि बेरजेच्या खाली पुन्हा एक मोकळी जागा: 'ॲडिशनल ग्रॅच्युइटी'. ही टीपेवरची टीप. ड्रिंक पॅकेज (रोजचा ठरावीक दर आधी भरून हवी ती पेयं) असेल तर वरची बेरीज ०.०० दिसते, तरी ती मोकळी जागा असतेच. नवख्या माणसाला वाटतं तिथे काहीतरी लिहायलाच हवं. नाही लिहिलं तरी कोणी भुवई उंचावत नाही. आडवी रेघ मारायची, एकूण रक्कम लिहायची आणि सही करायची.

पॅकेजकडे वळण्याआधी फुकट काय मिळतं ते बघून घ्या. साधं पाणी, चहा, साधी कॉफी, लेमोनेड, आइस टी आणि नाश्त्याला ज्यूस भाड्यातच असतात. केबिनच्या नळाचं पाणी पिण्याचं असतं, तेव्हा घरून रिकामी बाटली न्या आणि केबिनमधल्या सीलबंद बाटलीला हात लावू नका. तेवढ्यावर भागणारी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत. मात्र चहाची तल्लफ भागवायला इलेक्ट्रिक केटल नेऊ नका. तापणारी उपकरणं स्कॅनरमध्ये दिसली की काढून घेतात. खिचडीचा छोटा कुकरही त्यातच आला.

दारू धरून असलेल्या डिलक्स बेव्हरेज पॅकेजचा दर जहाजागणिक, तारखेगणिक बदलतो. दिवसाला ७५ डॉलर धरू. त्यावर १८ टक्के, म्हणजे ८८.५०. चार रात्रींचे ३५४. फक्त 'समुद्रातल्या दिवसां'साठी पॅकेज मिळत नाही, सगळ्या प्रवासाचं घ्यावं लागतं. आणि इथेच सिंगापूरच्या छोट्या क्रूझला ते परवडेनासं होतं. पहिल्या दिवशी दुपारनंतर चढायचं, पेनांग किंवा फुकेतला दिवसभर बाहेर, शेवटच्या सकाळी उतरायचं. पिण्याचे पूर्ण दिवस असे किती उरतात? पैसे वसूल व्हायचे तर रोज सहा कॉकटेल रिचवली पाहिजेत. साडेआठ डॉलरची बिअर पिणाऱ्याला नऊ. एवढं पिऊन सकाळी फुकेतच्या स्पीडबोटीत बसून दाखवावं. कॅरिबियनमधल्या सात रात्रींच्या सफरीचं गणित जरा बरं असतं, कारण तिथे कंपनीच्या कोकोके बेटावरही हेच पॅकेज चालतं.

खरी मेख वेगळीच आहे. एका केबिनमधल्या एका प्रौढाने पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना ते घ्यावं लागतं. नवरा पिणारा आणि बायको लिंबूपाणीवाली, अशा जोडप्याला ८८.५०चं पॅकेज १७७ला पडतं. प्रौढ कोण, तर पिण्याच्या कायदेशीर वयाचा. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर ते २१ आहे, सिंगापूरहून निघणाऱ्यांवर १८. म्हणजे कॉलेजात जाणारं पोरगं तुमच्याच केबिनमध्ये असेल तर तेही हिशेबात आलं. यातून दोन वाटा निघतात. न पिणाऱ्या व्यक्तीसाठी स्वस्तातलं रिफ्रेशमेंट पॅकेज (मॉकटेल, ताजे ज्यूस, चांगली कॉफी, सोडा, बाटलीबंद पाणी) लावून द्या अशी विनंती कंपनीला फोनवर करता येते. वेबसाइटवर तसा पर्याय दिसत नाही, बोलावंच लागतं, आणि मान्य होतं ते कारण पटलं तर. दुसरी वाट मित्रमंडळींच्या ग्रुपसाठी: नियम केबिनपुरता असतो, म्हणून बुकिंग करतानाच पिणारे एका केबिनमध्ये आणि न पिणारे दुसऱ्या. घोरणाऱ्यांची वाटणी त्यानंतर करा.

घ्यायचंच ठरलं तर निघण्याआधी कंपनीच्या ऑनलाइन क्रूझ प्लॅनरवरून घ्या. जहाजावर दर चढा असतो. एकदा घेऊन स्वस्थ बसू नये. सेल येत राहतात, दर उतरला की जुनी खरेदी रद्द करून नवी करायची, निघायच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत हे चालतं.

पॅकेजमध्ये १४ डॉलरपर्यंतचं पेय बसतं. महागडी सिंगल माल्ट मागवली तर वरचा फरक आणि त्या फरकावर १८ टक्के भरायचे. कार्निव्हलची रीत वेगळी: तिथे मर्यादा २० डॉलरची, पण ती ओलांडली की फरक नव्हे, पूर्ण किंमत (२५ टक्के सवलतीने) द्यावी लागते, आणि चोवीस तासांत १५ मद्यपेयांच्या वर बार हात वर करतो. दोन्हीकडे एका वेळी एकाला एकच पेय. पॅकेजवर दोन ग्लास घेऊन एक मित्राच्या हातात देणं पकडलं गेलं तर पॅकेज रद्द होऊ शकतं, पैसेही बुडतात. मिनीबार, रूम सर्व्हिसची दारू आणि वाइनची अख्खी बाटली पॅकेजच्या बाहेर.

बाटली न्यायची सोयही आहे. चढण्याच्या दिवशी पिण्याच्या वयाच्या प्रत्येकाला वाइन किंवा शॅम्पेनची ७५० मिलीची एक सीलबंद बाटली हँडबॅगेत नेता येते. केबिनमध्ये उघडली तर काही द्यावं लागत नाही, डायनिंग रूममध्ये नेली तर १५ डॉलर कॉर्केज, म्हणजे बाटली उघडून देण्याचा आकार. व्हिस्की, रम, बिअर बंद. पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून न्यायची युक्ती स्कॅनरवरच्या लोकांना तुमच्या आधीपासून ठाऊक आहे.

नियमित जाणाऱ्यांना मिळणाऱ्या 'फुकट' पेयांबद्दल फार ऐकू येतं. रॉयल कॅरिबियनच्या क्राउन अँड अँकर या सदस्यत्वात रात्रीला एक गुण, स्वीटमध्ये दोन. ८० गुणांवर डायमंड होतं आणि रोज चार पेयांची व्हाउचर कार्डावर येतात; १७५ला डायमंड प्लस, पाच; ७००ला पिनॅकल, सहा. चार रात्रींच्या सफरी करून डायमंड व्हायला २० क्रूझ लागतील. व्हाउचरवरही १४ डॉलरचीच मर्यादा आहे, पण १८ टक्के लागत नाहीत. म्हणून तिथे मी बारटेंडरच्या हातात डॉलर ठेवण्याच्या बाजूचा आहे. एरवी पैसे आधीच कापलेले असतात. कसिनोच्या वेगळ्या सदस्यत्वातही प्राइम दर्जाला पेय फुकट मिळतं. त्यासाठी वर्षात २,५०० गुण लागतात आणि स्लॉट मशीनवर पाच डॉलर फिरवल्यावर एक गुण पडतो. साडेबारा हजार डॉलर फिरवून मिळालेल्या बिअरला फुकट म्हणायचं असेल तर म्हणा.

बारच्या मागे गोव्याचा माणूस भेटण्याची शक्यता चांगली असते. सासष्टी-बार्देशातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे आहेत. मुंबईत धोबीतलाव-माझगावच्या कुडांत (गोव्यातल्या गावांच्या सामाईक खोल्यांत) मुक्काम ठोकून ते बोटीची वाट बघत. कोंकणी-मराठीत दोन शब्द बोललात तर कुठल्या बारमध्ये गर्दी कमी हे तो आपणहून सांगेल. मात्र 'आपला माणूस' म्हणून जादा पेग मागून त्याची पंचाईत करू नका. प्रत्येक ओतलेलं माप मशीनवर चढवावं लागतं.

रोख टीप कोणाला? एकाला मी नक्की देतो: जैन किंवा शाकाहारी जेवणाची आदल्या रात्री ऑर्डर घेऊन दुसऱ्या दिवशी कांदा-लसणाविना डाळ आणि फुलके टेबलावर हजर करणाऱ्या हेड वेटरला. हे मेन्यूपलीकडचं काम आहे. १० डॉलर, तेही शेवटच्या रात्री नव्हे तर दुसऱ्याच रात्री. रूम सर्व्हिसवाल्याला दोन डॉलर पुरेत. जहाजाचे अधिकारी आणि गाणारे-नाचणारे यांना टीप देत नाहीत. सिंगापूरच्या टर्मिनलवर बॅगा घेणारे हमालही अपेक्षा ठेवत नाहीत. मायामीत मात्र बॅगेमागे एक-दोन डॉलर द्यावेच लागतात. त्यासाठी निघतानाच मनी चेंजरकडून एक आणि पाच डॉलरच्या नोटा मागून घ्या. तो शंभराच्या नोटा पुढे करेल, आपण अडून बसायचं. आणि क्रूझनंतर येणाऱ्या फॉर्ममध्ये कर्मचाऱ्याचं नाव लिहा, नेमप्लेटवरचं स्पेलिंग बघून. बढतीच्या वेळी त्याला त्याचा उपयोग होतो.

टीप भाड्यातच हवी असेल तर तशा कंपन्याही आहेत. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट या महागड्या कंपन्यांत ती धरलेली असते. ब्रिटनच्या पी अँड ओने २०१९मध्ये वेगळी टीप बंदच केली. प्रिन्सेसचं प्लस पॅकेज टीप, पेयं आणि वायफाय एकत्र बांधून देतं. वायफाय तसंही घेणाऱ्याला ते मला जास्त सरळ वाटतं.

जहाजावरच्या दुकानातून किंवा बंदरावर घेतलेली दारू लगेच हातात देत नाहीत. जमा करून शेवटी परत देतात. इथे सिंगापूरचा एक नियम आडवा येतो. मलेशियातून येणाऱ्याला दारूवर करमाफी नाही, आणि बाकीच्यांनाही सिंगापूरबाहेर ४८ तास काढलेले असले तरच आहे. फक्त मलेशियातलं पेनांग करून परतणाऱ्या क्रूझवर घेतलेली बाटली म्हणून टर्मिनलवर कस्टम्सच्या रेड चॅनेलमध्ये दाखवून कर भरावा लागतो. फुकेत शेवटचं बंदर असेल तर सवलत मिळते. भारतात उतरताना माणशी दोन लिटर, आणि विमानात ती बाटली चेक-इन बॅगेतच, कपड्यांत गुंडाळून.