नाव नको, किस्सा सांग: मित्रांच्या पार्टीसाठी माझे लाडके प्रश्न

मित्रमंडळी जमली की कुणीतरी रिकामी बाटली शोधून आणतंच, ती फिरते, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "तुझा फर्स्ट क्रश कोण?" समोरचा लाजत लाजत एक नाव घेतो, ते नाव खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीतही नसतं, दोन सेकंद ओरडाआरडा होतो आणि बाटली परत फिरायला लागते. मला हा ट्रुथ अँड डेअर (बाटली ज्याच्यासमोर थांबेल त्याने खरं उत्तर द्यायचं, नाहीतर सांगितलेलं डेअर करून दाखवायचं) मनापासून आवडतो, अगदी शाळेत स्लॅमबुक भरायचो तेव्हापासून मला असले प्रश्न विचारायला आवडतात, आणि इतक्या पार्ट्यांमध्ये बघून माझं मत पक्कं झालंय की नाव विचारू नये, किस्सा विचारावा.

म्हणजे "तुला कोण आवडायचं" असं नको, "आवडणाऱ्या माणसासाठी तू केलेला सगळ्यात येडपट प्रकार कुठला" असं विचारा, मग बघा.

आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे, एकदम शांत, ग्रुपवर पण फक्त अंगठा टाकणारा. त्याला मी विचारलं की कुणासाठी कधी उलटा प्रवास केलायस का. आधी नुसता हसला, मग म्हणाला की कॉलेज सुटल्यावर ती आणि तो चर्चगेटवरून एकाच ट्रेनने निघायचे, तिला दादरला उतरून सेंट्रल लाइनची लोकल पकडायची असायची आणि हा राहायचा त्याच लाइनवर पुढे माहीमला, म्हणजे त्याला दादरला उतरायचं काही कारणच नव्हतं. तरी रोज उतरायचा, गर्दीत तिच्याबरोबर तो पूल चढायचा, सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मवर तिची ट्रेन सुटेपर्यंत थांबायचा आणि मग तोच पूल उलटा पार करून स्लो पकडून घरी. तिला काय सांगायचास विचारलं तर म्हणे, "मला दादरला काम असतं." दोन वर्षं रोज काम! आम्ही सगळे हसून हसून गडबडा लोळत होतो, आणि खरं सांगू, तिचं नाव काय हे कुणी विचारलंच नाही, कुणाला ते हवंही नव्हतं.

मुंबईत असल्यामुळे आपल्याकडे प्रश्नांचा साठाच आहे, फक्त जरा आजूबाजूला बघायचं. कुणाला बघायला मिळावं म्हणून तू नेहमीची लोकल मुद्दाम सोडलीयस का? मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलेला असताना ओळखीचे काका दिसले तेव्हा काय केलंस? पहिल्या डेटचं बिल कुणी दिलं आणि पाकिटात तेव्हा खरे किती होते? शेवटचा वडापाव तू कुणाशी अर्धा करशील, आणि कुणाशी अजिबात नाही? आणि एक प्रश्न असा आहे की त्याच्यावर आमच्याकडे अर्धा तास भांडणं चालतात, एक जण विरारला राहतो आणि दुसरी पनवेलला, तर याला लाँग डिस्टन्स म्हणायचं की नाही? (माझं मत, म्हणायचं. ट्रेन बदलून, गर्दीत उभं राहून जो येतो त्याचं प्रेम खरंच आहे.)

ज्यांना बोलायला वेळ लागतो त्यांच्यासाठी "मी कधीच" बेस्ट. सगळ्यांनी दहा बोटं वर करायची, एकाने म्हणायचं "मी कधीच एक्सचं प्रोफाइल रात्री दोन वाजता बघितलं नाही" आणि ज्याने बघितलंय त्याने गुपचूप एक बोट खाली करायचं. काही बोलायची गरज नाही, बोटंच सगळं सांगतात. "मी कधीच मेसेज टाइप करून पाठवायच्या आधी डिलीट केला नाही" म्हटलं की आख्ख्या खोलीतलं एकेक बोट खाली जातं, आणि तिथून लोक आपोआप मोकळे होतात.

डेअरसाठी मात्र मला आपल्या उखाण्याइतकं भारी काही सापडलेलं नाही. बाल्कनीत जाऊन ओरड वगैरे नको, सोसायटीवाले वर येतात. त्यापेक्षा एका मिनिटात आपल्या क्रशवर उखाणा रचायचा आणि नावाच्या जागी फक्त "अमुक" म्हणायचं. लग्न झालेल्यांना पाठ असतात म्हणून त्यांना नवीनच करायला लावा. आमच्याकडे एकीने जागच्या जागी केलेला अजून चालतो, "दादरच्या पुलावर पायऱ्या चढते दोन-दोन, आई समोर असतानाच नेमका अमुकरावांचा येतो फोन." आणि मुलांनीही घ्यायचा हं, त्यांचे जास्त मजेशीर होतात.

आता क्रमाबद्दल बोलते कारण बहुतेक पार्ट्या इथेच फसतात, डायरेक्ट खोल पाण्यात उडी. आर्थर आरॉन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यातले ते 36 प्रश्न पुढे 2015 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका लेखामुळे "प्रेमात पाडणारे प्रश्न" म्हणून जगभर फिरले. खरं तर अनोळखी दोघांमध्ये थोड्या वेळात जवळीक तयार होते का एवढंच त्यांना बघायचं होतं. पण मला त्यातली रचना आवडते, तीन गट, आणि प्रत्येक गट आधीच्यापेक्षा जास्त आतलं विचारणारा. सुरुवातीला फोन करायच्या आधी काय बोलायचं ते मनात घोकता का असलं हलकंफुलकं, आणि दुसऱ्या कुणासमोर शेवटचं कधी रडलात हे थेट तिसऱ्या गटात. आपणही तेच करायचं, खायला येईपर्यंत बिल आणि वडापाव, जेवणानंतर ब्रेकअप.

आणि काही गोष्टींवर मी अजिबात ऐकून घेत नाही. पास म्हटलं की पास, कारण विचारायचं नाही, "अरे सांग ना, आपलेच लोक आहेत" नाही. मोबाईल एका पिशवीत, कारण कुणाचं तरी मनातलं स्टोरीवर गेलं तर पुढच्या वेळी तो माणूस येणारच नाही. मुलीला "कुठला मुलगा आवडतो" आणि मुलाला "कुठली मुलगी" असं विचारायचं नाही, "कोणी आवडतं का" एवढंच, ज्याला जे सांगायचंय ते तो सांगेल. खोलीत नवरा-बायको असतील तर "याच्या आधी कोण" हा प्रश्न टाळा, त्याऐवजी दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठीवर पहिल्या भेटीत समोरच्याने काय घातलं होतं ते लिहायला सांगा. एकाचं साफ चुकतं आणि मग ते दोघं जे काय भांडतात ना, ते बघायला फार गोड वाटतं. आणि तिशीतल्या सिंगल माणसाला "मग लग्न कधी" हे पार्टीत तरी नको, त्यासाठी नातेवाईक आहेतच.

प्रश्न मी आधीच चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकते, म्हणजे अमक्याने मुद्दाम मला विचारलं असं होत नाही. तळाला एक चिठ्ठी कायम असते, "या खोलीतल्या कुणाला थँक यू म्हणायचं राहून गेलंय, आणि कशासाठी?" ती मात्र साडेअकराच्या आत काढा, कारण ज्यांना शेवटची लोकल गाठायची असते नेमकी त्यांचीच उत्तरं सगळ्यात लांब असतात.