मिनेसोटाच्या थंडीत गोड क्रॅबॲपल : लावण्यापासून तोडणीपर्यंत माझा अनुभव

क्रॅबॲपल, म्हणजे अगदी लहान फळांचं सफरचंद, म्हटलं की इथे बहुतेकांना रस्त्याकडेची शोभेची झाडं आठवतात, मे महिन्यात गुलाबी फुलांनी गच्च भरलेली आणि नंतर थंडीभर पक्ष्यांसाठी बारीक बारीक आंबट-तुरट फळं लटकलेली. पण खायची गोड क्रॅबॲपलं वेगळी. मिनियापोलिससारख्या कडक थंडीच्या भागात कुणी मला विचारलं की अंगणात एकच फळझाड लावायचंय तर काय लावू, तर मी डोळे झाकून सांगते, चेस्टनट क्रॅब लावा. मिनेसोटा युनिव्हर्सिटीने १९४० च्या दशकात आणलेली ही जात, पुढे १९९१ मध्ये हनीक्रिस्प सफरचंद आणलं तीच ही युनिव्हर्सिटी. फळ साधारण दोन इंचाचं, साल पिवळसर-तांबूस आणि मधेमधे खरखरीत, चवीला गोड, थोडासा आंबटपणा आणि चावल्यावर मागून सुक्यामेव्यासारखा स्वाद येतो. दुकानात हे जवळपास बघायलाच मिळत नाही, फळ लहान आणि फार दिवस टिकतही नाही म्हणून कोण विकणार, त्यामुळे खायचं असेल तर घरीच लावायला पाहिजे.

मी २०१६ च्या वसंतात लावलं. कुंडीतलं रोप न घेता बेअर-रूट घेतलं, म्हणजे मातीशिवाय नुसत्या मुळांचं, ते स्वस्त पडतं आणि लागतंही चांगलं. फक्त ते एप्रिलच्या शेवटी, जमीन मोकळी झाली की लगेच, कळ्या फुटायच्या आत लावायचं. लावण्याआधी मुळं तासभर पाण्यात ठेवली, खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद केला आणि खड्ड्यात खत अजिबात घातलं नाही, आपलीच माती परत भरली. कलमाचा जोड मातीच्या वर तीन-चार बोटं राहिलाच पाहिजे, तो जमिनीत गेला तर वरच्या भागालाच मुळं फुटतात आणि झाड बुटकं राहावं म्हणून जे खुंट घेतलेलं असतं त्याचा उपयोगच राहत नाही.

आता खरं काम सांगते, आणि यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण इथे झाडं थंडीने कमी आणि सशांनी जास्त मरतात. चेस्टनट थंडीला पक्कं आहे. जानेवारी २०१९ मध्ये पारा उणे २८ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस, तेव्हाही आमच्या झाडाची एक फांदी मेली नाही. पण बर्फाखालून उंदरासारखे छोटे व्होल येतात आणि साल गोल कुरतडतात, साल चारी बाजूंनी गेली की झाड संपलं. म्हणून बुंध्याभोवती पाव इंची जाळी लावली, खाली दोन-तीन इंच जमिनीत पुरलेली. आणि जाळीची उंची ठरवताना जमिनीपासून मोजून चालत नाही हं, कारण ससे साचलेल्या बर्फावर उभे राहून वरच्या फांद्या खातात, तेव्हा बर्फाचा थर धरून त्याच्याही वर दीड-दोन फूट जाळी पाहिजे. शिवाय नोव्हेंबर ते एप्रिल बुंध्याला पांढरं प्लास्टिकचं गार्ड. हिवाळ्यात दुपारचं ऊन नैर्ऋत्येकडून लागतं, साल तापते आणि सूर्य मावळला की एकदम गोठते, मग उभी चीर पडते, पांढऱ्या रंगाने तेवढं ऊन परतवलं जातं. हरणं येत असतील तर पहिली काही वर्षं झाडाभोवती उंच कुंपण, त्याला पर्याय मला तरी सापडला नाही.

छाटणी मार्चच्या शेवटी, कडाका कमी झाल्यावर. मधला एक शेंडा सरळ वर जाऊ द्यायचा आणि बाजूच्या फांद्या आडव्या पसरायला लावायच्या. कोवळा फुटवा चार-पाच इंचाचा असताना त्याच्या वर कपड्याचा चिमटा बुंध्याला लावायचा, चिमट्याच्या दुसऱ्या टोकाने फुटवा आपोआप बाहेर ढकलला जातो आणि चांगला कोन मिळतो. सरळ उभ्या फांद्यांना फळ उशिरा येतं आणि ओझ्याने त्या जोडापाशी फाटतात, म्हणून एवढा खटाटोप.

परागीभवनाची काळजी मला करावी लागली नाही. सफरचंदाला फळ धरायला दुसऱ्या जातीचं परागकण लागतं, पण गल्लीत शोभेची क्रॅबॲपलं आहेतच, ती एकाच सुमाराला फुलतात आणि मधमाश्या बाकीचं बघतात. फुलं असताना कसलंही कीटकनाशक मारायचं नाही, हे मात्र कटाक्षाने.

जूनमध्ये विरळणी. बरेच जण म्हणतात क्रॅबला विरळणी लागत नाही, शोभेच्या झाडाला नाही लागत हे खरं, पण खायचं फळ हवं असेल तर एका गुच्छात एकच फळ ठेवा. हात होत नाही पहिल्यांदा, एवढी धरलेली फळं तोडायची म्हणजे जिवावर येतं, पण नाहीतर यंदा ढीगभर बारीक फळं आणि पुढच्या वर्षी काहीच नाही असं चक्र सुरू होतं. मग जूनअखेर ॲपल मॅगॉट नावाची माशी येते, ती फळात अंडी घालते आणि आत तपकिरी वाटा पडतात. त्यासाठी चिकट लेप लावलेले लाल गोळे फांद्यांना टांगते, माशी त्याला पिकलं फळ समजून बसते आणि अडकते. हाताला येतील तेवढ्या फळांना प्लास्टिकच्या झिपच्या पिशव्या पण घालते, खालचे कोपरे कापून, म्हणजे पाणी साठत नाही. नाशिककडे द्राक्षाच्या घडांना कागद लावताना पाहिलंय, त्यामुळे मला हे काम अनोळखी वाटलं नाही, आणि एकही फवारा न मारता स्वच्छ फळ मिळतं.

एका उन्हाळ्यात गारपिटीनंतर दोन शेंडे काळे पडून काठीच्या मुठीसारखे वाकले, हा फायर ब्लाइट, जिवाणूचा रोग. दिसल्या दिवशीच कोरड्या हवेत काळ्या भागाच्या फूटभर खालून निरोगी लाकडात कापलं, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसली, तोडलेलं सगळं कचऱ्यात टाकलं. तिथेच थांबला.

आणि तोडणी. सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, बहुतेकदा गणपतीच्या आगेमागे. रंगावर विश्वास ठेवायचा नाही! उन्हाच्या बाजूचं फळ ऑगस्टमध्येच तांबूस होतं पण आत कच्चंच असतं. लालीच्या मागचा हिरवा रंग पिवळट झालाय का ते बघायचं, एक कापून बिया तपकिरी झाल्यात का ते बघायचं, आणि मग सरळ खाऊन बघायचं. पिठूळ कच्चेपणा जाऊन तो सुक्यामेव्याचा स्वाद आला की समजायचं. सगळी फळं एकदम होत नाहीत, वरची आणि बाहेरची आधी, आतली नंतर, म्हणून मी दर दोन-तीन दिवसांनी फिरते आणि तयार तेवढीच घेते. फळ ओढायचं नाही, तळहातात धरून वर उचलून हलकं पिरगाळायचं, देठासकट येतं आणि ज्या आखूड काडीवर पुढच्या वर्षीचं फूल यायचंय ती शाबूत राहते. फ्रिजमध्ये महिनाभर छान राहतात, त्यानंतर मऊ पडतात.

मुलांच्या डब्यात अख्खंच जातं, अगदी मुलांच्या हाताच्या मापाचं. उन्हाळ्यात आई आली होती, तिने विरळणीनंतरही दाट राहिलेली कच्ची फळं बघितली आणि म्हणाली, अगं टाकतेस काय, मेथांबा करू. बिया काढून फोडी केल्या, काळ्या पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवल्या, मोहरी-हिंग-मेथीची फोडणी, तिखट, गूळ. कच्च्या क्रॅबॲपलमध्ये पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे रस फार न आटवता स्वतःच दाट झाला, आणि कैरीचा आंबटपणा नसला तरी पोळीबरोबर बरणी बघता बघता संपली. आता इथल्या मराठी मैत्रिणी जुलैपासूनच कच्च्या फळांसाठी विचारायला लागतात.

यंदा शेजारी सेंटेनियल लावतेय, तीही ह्याच युनिव्हर्सिटीची, १९५७ ची जात, लांबट फळाची आणि ऑगस्टमध्येच तयार होणारी, म्हणजे चेस्टनट सुरू व्हायच्या आधीच खायला मिळेल. जाळी आणि गार्ड आणून ठेवलंय, जमीन मोकळी व्हायची वाट बघतेय. कुणाला चेस्टनटच्या कलमासाठी काड्या हव्या असतील तर मार्चच्या छाटणीआधी सांगा, ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवीन.