येथे कॅसेट भरून मिळतील

आमच्या दुकानाची जुनी पाटी अजून आतल्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. वर आईचं नाव, खाली लाल अक्षरात ‘येथे कॅसेट भरून मिळतील’. ‘कॅसेट’वरचा चंद्र रंगाऱ्यानं चुकून ‘भरून’वर काढला होता. पैसे कापून घेतले, पण चंद्र तसाच राहू दिला.

1989 साली परभणीत स्टेशन रोडच्या एका गल्लीत, वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात अर्धं काउंटर मागून मी हा धंदा सुरू केला. भांडवल म्हणजे मुंबईच्या मावसभावाकडून हप्त्यानं घेतलेला एक डबल डेक, म्हणजे एका कॅसेटीवरून दुसरीवर गाणी उतरवणारा टेप, आणि पन्नास कोऱ्या कॅसेटी. साठ मिनिटांच्या कॅसेटीत एका बाजूला सहा गाणी बसायची, नव्वदच्या कॅसेटीत नऊ. नव्वदची फीत पातळ, ती उन्हाळ्यात हटकून गुंतायची. मग पोरं पेन्सिल घालून ती गुंडाळत दुकानात यायची. हा धंदा कायद्यात बसत नव्हता, हे तेव्हा कळत होतं आणि नव्हतंही. गावोगाव हेच चाललं होतं. म्हणून ते बरोबर होतं असं नाही.

पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाशी भांडण झालं. तो म्हणाला, मी हे गाणं सांगितलंच नव्हतं. मी म्हणालो, सांगितलं होतं. वडील घड्याळातून डोळा न काढता बोलले, “लिहून घेत जा की.” त्या दिवसापासून नियम केला. ज्यानं त्यानं आपली यादी आपल्या हातानं वहीत लिहायची आणि खाली नाव, गाव, तारीख टाकायची. अशा तेवीस वह्या भरल्या. हिशेबाच्या वह्या कधीच रद्दीत गेल्या, या राहिल्या. धंद्यानं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी या वह्या दाखवतो.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कृषी विद्यापीठाच्या हॉस्टेलवरची पोरं. 1972 पासूनचं विद्यापीठ, मुखेड, किनवट, आष्टी, औसा, सगळीकडची मुलं तिथं. सतरा-अठराव्या वर्षी यायची आणि बावीस-तेविसाव्या वर्षी नोकरी शोधत पांगायची. म्हणजे ज्या वयात माणूस गाण्यासाठी जेवण सोडतो, नेमकं ते वय माझ्या काउंटरवरून गेलं. पुढं त्यातलीच कितीतरी मंडळी कृषी अधिकारी, बियाण्याचे दुकानदार, मास्तर होऊन कामानिमित्त परभणीला येत राहिली. त्यामुळं एकाच माणसाच्या दोन-तीन याद्या, मध्ये आठ-दहा वर्षांचं अंतर ठेवून, माझ्या वह्यांत सापडतात.

पहिल्या वर्षाच्या मुलांच्या याद्या काढून बघा. दहा नावं वेगळी, यादी एकच. क्रमसुद्धा तोच. मला आधी वाटायचं, ही पोरं एकमेकांचं बघून लिहितात. पुढं हॉस्टेलवर एकदा टेप दुरुस्त करायला गेलो तेव्हा उलगडलं. एका खोलीत चार जण, टेप एक. जे लागेल ते चौघांनाच नाही, सगळ्या मजल्याला ऐकू जाणार. तिथं कोण काय ऐकतो यावरून कोण कुणाचा हे ठरतं. आवड त्या पोराची नव्हती, खोलीची होती. एक मुलगा तर संध्याकाळी गर्दीत यायचा, सगळ्यांसारखी धडाक्याची यादी लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकटा येऊन हळूच म्हणायचा, “भाऊ, त्याच्या मागच्या बाजूला तलत महमूद भरता का? लेबलवर लिहू नका पण.”

लेबलवर लिहू नका, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! वय वाढलं की आवड बदलते असं म्हणतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. बऱ्याच जणांची आवड आतून आधीच रुंद असते, फक्त लेबलवर यायला तिला पंधरा वर्षं लागतात. पस्तिशीत शेजारच्या खाटेवर कुणी रूममेट नसतो. गाडी आपली, टेप आपला. मग भजन लावलं तर कोण हसणार?

मीही काही वेगळा नव्हतो. एकविसाव्या वर्षी मला हिंदी सिनेमापलीकडं काही माहीत नव्हतं. बाकी सगळा माल होता माझ्यासाठी. फेब्रुवारीत आमच्याकडं सय्यद शाह तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. तिथं मी टपरी लावायचो, कव्वालीच्या कॅसेटी घेऊन. कान किटायचे. एप्रिल आला की चौदा तारखेच्या आधी भीमगीतांची मागणी. प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेटी आणल्या की दोन दिवसांत संपायच्या, मी नुसतं मोजून द्यायचो. एकदा एक कॉलेजचा मुलगा माझ्यावर वैतागलाच. म्हणाला, “विकायलाव तर नुसते खोके का मोजायलाव? वामनदादांचे शब्द तरी ऐका की.” वामनदादा कर्डक हे नाव मी त्या दिवसापर्यंत कॅसेटच्या पाठीवरच्या बारीक अक्षरात वाचून सोडून दिलं होतं. त्या रात्री शटर खाली ओढून ऐकलं. त्या मुलाच्या घरात ते पाळण्यापासून होतं, त्याला ‘आवड’ हा शब्दही लागू पडत नाही. माझी मात्र सुरुवात तिथून झाली. नंतर उरसाच्या टपरीवर मी स्वतःच नुसरत फतेह अली खान लावून बसायला लागलो.

1997 च्या ऑगस्टमध्ये चार दिवसांच्या अंतरानं दोन माणसं गेली. 12 तारखेला गुलशन कुमार, 16 ला नुसरत. एकानं स्वस्त कॅसेट गावखेड्यापर्यंत पोचवली, म्हणून माझं पोट चाललं. दुसऱ्यानं माझे कान उघडले. दोघांचे फोटो वर्तमानपत्रातून कापून एकाच काचेखाली ठेवले. गिऱ्हाईक विचारायचं, “यांचं काय नातं?” मी म्हणायचो, माझ्याकडं आहे.

पुढचं भरभर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि भोगण्यासारखं जास्त आहे. एमपीथ्री आली, एका सीडीत दीडशेच्या वर गाणी मावायला लागली आणि याद्या लिहिणं बंद झालं. “भरा काहीपण, जुनी-नवी मिक्स.” मग मेमरी कार्ड. भारनियमनात इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवून कार्डं भरली. एका घाऊक व्यापाऱ्याच्या नादी लागून कोऱ्या डीव्हीडींचे खोके घेतले, त्यातल्या निम्म्या अजून माळ्यावर आहेत. आई त्या शेतात पाखरं हुसकायला नेते. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं. त्या वर्षीच्या दिवाळीत आमच्या दुकानात एकही कार्ड भरायला आलं नाही.

दोन महिने मी नुसता बसून होतो. मग एक ओळखीचा भजनी मंडळवाला पेटी घेऊन आला. उंदरांनी भाता कुरतडला होता आणि तीन सूर मुके झाले होते. वडिलांची घड्याळाची हत्यारं घरात होतीच, आणि बारीक कामाची सवय मला त्यांच्याकडूनच लागलेली. पेटीतला सूर म्हणजे पितळेची बारीक जीभ. तिच्या टोकाला घासलं की स्वर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्या पेटीचे चार सूर मी घासून वाया घालवले आणि नवे स्वतःच्या पैशानं बसवले. आज पेटीदुरुस्ती हाच मुख्य धंदा. जोडीला तबला, पखवाज, टाळ. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकायला लागल्या की आमचा हंगाम.

आणि पेटी घ्यायला येतं कोण? तर तीच मंडळी, चाळिशी-पंचेचाळिशीची. कुणी वडील गेल्यावर त्यांची भजनाची जागा धरलेली, कुणी एकदा वारीला जाऊन आलेला, कुणाच्या मुलीनं गाण्याचा क्लास लावला म्हणून शेजारी बसून बापही शिकायला लागलेला. एकानं शास्त्रीय गायक नाथराव नेरळकरांची मैफल ऐकली आणि दुसऱ्या दिवशी येऊन तानपुऱ्याची किंमत विचारली.

पुतणी मानसशास्त्र शिकते. तिनं सांगितलं की 2013 साली केंब्रिजच्या संशोधकांनी अडीच लाखांहून जास्त लोकांची उत्तरं तपासली होती. कोवळ्या वयात दणदणीत संगीत, मग चालू काळातलं, आणि मध्यम वयाकडं शास्त्रीय, लोकसंगीत असं वळण त्यात दिसतं म्हणे. शिवाय वय वाढेल तसं आयुष्यातलं संगीताचं महत्त्व कमी होत जातं. माझ्या वह्या पहिल्या गोष्टीला मान डोलावतात. दुसरीही खरी असणार, पण ज्यांचं महत्त्व कमी झालं ते माझ्या दुकानात येणार कशाला? आणि सगळेच रुंदावतात असंही नाही. मोंढ्यातले एक आडते 1991 ची बारा गाणी आजही ऐकतात, तीच बारा, त्याच क्रमानं. कॅसेटची सीडी केली, सीडीचं कार्ड, कार्डाचा पेनड्राइव्ह. मी एकदा तेरावं घालून बघितलं. “हे काय घुसडलंव?” म्हणून परत आले.

गेल्या आषाढात एक गृहस्थ मुलाला घेऊन पेटी बघायला आले. पोटाला आलेले, चष्मा, हिंगोलीकडं शेतीखात्यात. मुलगा पुण्यात शिकणारा, कानातलं काढायला तयार नाही. वडिलांनी पेटी वाजवून बघितली, काळी चारला पट्टी जराशी अडकते म्हणाले, बरोबर होतं. मग वह्यांकडं लक्ष गेलं. “भाऊ, मी पण लिहिलं होतं हो तुमच्याकडं. ब्याण्णव साल.”

सापडली. अठरा गाणी, सगळी धांगडधिंग्याची, खाली सही झोकात. मुलानं कानातलं काढलं आणि यादी मोठ्यानं वाचायला लागला. चौथ्या गाण्याला तो हसून काउंटरवर वाकला.

“हे मी नाही लिहिलेलं,” गृहस्थ म्हणाले. “रूममेटनं घुसडलं असंल.”

मी काही बोललो नाही. पेटीची पावती करायला चालू वही पुढं केली. त्यांनी नाव, गाव, तारीख घातली. मुलानं जुनी वही ओढून तिच्याशेजारी ठेवली, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, आणि मग बापाकडं बघत राहिला.