चालती पद्मिनी मोडली, बंद पद्मिनीसाठी

आमच्याकडे दोन जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारी, चालती पांढरी आणि आजोबांची बंद पडलेली निळी. निळी पुन्हा उभी करायला शेवटी पांढरी मोडायला घेतली. गेल्या रविवारी ती सासवडहून दिवेघाट उतरून स्वतःच्या चाकांवर आली, आज विटांच्या चार थप्प्यांवर बसली आहे. घरात हा हिशोब कुणालाच पटलेला नाही. आई तर सरळ म्हणाली, "अरे, चालतेय ती चालव ना! जाम झालीय ती भंगारात घाल."

तिचं चुकत नाही. पांढरी 1986 ची, पहिल्या सेल्फला उठते. पण पद्मिनीला वेगळी चॅसी (खालची लोखंडी चौकट) नसते, पत्रा हाच सांगाडा. पांढरीची मॅट उचलून पेचकस जरा टेकवला, तर तो फ्लोअरमधून आरपार खाली गेला. दोन्ही सिल (दारांखालच्या पत्र्याच्या कडा) एम-सील आणि रंगाच्या भरवशावर होते. मागच्या पाट्या (स्प्रिंगा) जिथे अडकवतात त्या कानाजवळचा पत्रा बोटाने मोडत होता. आजोबांची निळी (1978) बरोबर उलटी. वाड्यातल्या पडवीत राहिल्यामुळे खालून ठोकली तर खणखणीत वाजते, इंजिन मात्र जाम. इंजिनाचं सामान पुण्यात नाना पेठेत आज ना उद्या मिळतं, नाहीतर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी. धड बॉडी कुठल्या दुकानात मिळणार?

निळी जाम का झाली, हे हेड उतरवल्यावर कळलं. कुणीतरी कधीतरी कार्ब्युरेटर काढून नेला होता, बॉनेट नीट लागत नव्हतं आणि नेमकं वरचंच कौल फुटलेलं. पाणी मॅनिफोल्डमधून (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणारी नळी) आत गेलं, पण सगळीकडे नाही. दोन नंबरचा इनलेट व्हॉल्व्ह (आत घेणारी झडप) उघड्या स्थितीत थांबला होता, म्हणून फक्त तेच सिलिंडर गंजलं. बाकीची तीन चकचकीत! तीन आठवडे डिझेल भरून ठेवलं, रोज थोडं थोडं हलवलं, तेव्हा पिस्टन सुटला.

इथे मिस्त्रींशी माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, "दादा, पांढरीचं आख्खं इंजिन उचलून टाका, दोन दिवसांचं काम." मी नाही म्हटलं. इंजिन नंबर ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या मुख्य ठोकळ्यावर) असतो आणि आरसीवरही. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राहिलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. निळीला 2028 मध्ये 50 होतील. म्हणून ब्लॉक निळीचाच ठेवला. चारही सिलिंडरना लायनर (आतलं नवं अस्तर) घालून बोअर, म्हणजे आतला व्यास, पुन्हा 68 मिलिमीटरवर आणायचे, पिस्टन-रिंगा नव्या. पांढरीचा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) मायक्रोमीटरने मोजला तर स्टँडर्ड निघाला, एकदाही ग्राइंड केलेला नाही. निळीचा बराच घासून घेतलेला, त्यामुळे तो बाद. हेड, डायनॅमो, हँडगिअरचं (स्टिअरिंगजवळच्या गिअरचं) लिंकेज, समोरच्या दारांच्या तिकोनी काचा, हे सगळं पांढरीकडून. नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत, प्रत्येकावर चिठ्ठी. चिठ्ठी आतही टाका. बाहेरची ग्रीसने सुटते, हे दोन डबे एकत्र झाल्यावर समजलं.

मागची सीट उचलली तेव्हा मात्र हात थांबला. स्प्रिंगांच्या खाली कुंकवाने लाल झालेले तांदूळ पडले होते. अक्षता. कुणाची तरी वरात या गाडीतून निघाली होती. मिस्त्रींनी झाडू मागितला, मी म्हटलं, थांबा जरा. मुठीएवढ्या निघाल्या. त्या निळीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवल्यात. आईला दाखवल्या, तर काही बोलली नाही. चहा मात्र मिस्त्रींनाही दिला.

कागदांचं एक सांगतो. पांढरीची नोंदणी रद्द करून घ्यायची आहे. चॅसी नंबरचा तुकडा कापून आरटीओत जमा करावा लागतो, तेव्हा तो पत्रा कटरखाली जाणार नाही एवढं बघा. मी त्यावर लाल रंगाने चौकट काढून ठेवली आहे.

पुढच्या रविवारी मागची काच. रबर दगड झालंय. ते ब्लेडने कापून टाकायचं, काचेला हात लावायचा नाही. नवं रबर मिळतं, काच नाही.