धार होईस्तोवर

नाताळ अंकाचं काम नोव्हेंबरात अंगावर येतं. आमच्या मंडळीच्या मासिकाकडे कथा भरपूर येतात आणि बहुतेकींचा शेवट एकच असतो: भाऊबंदकी, आजारपण, रात्रभर प्रार्थना, मग नाताळच्या पहाटे सगळे गळ्यात पडून रडतात. लिहिणाऱ्यांच्या विश्वासाबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्या घरचं माणूस अजून परतलेलं नाही, त्याला अशा कथा एकटं पाडतात. माझी प्रार्थना कमी पडली का, असं तो स्वतःला विचारत बसतो.

गेल्या वर्षी एका निवृत्त परिचारिकेची कथा आली. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. फुलस्केपवर सुवाच्य अक्षर. बायबलमधल्या लूकच्या 15व्या अध्यायातला, येशूनं सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला त्यांनी राहुरीकडच्या एका वस्तीवर आणला होता. धाकटा वाटणी विकून पुण्याला गेलेला, तो परत येतो. मोठा आत यायला तयार नाही. त्याला बोलवायला आई अंगणात येते आणि कागद संपतो. शेवटचं पान राहिलं असेल म्हणून मी फोन केला. ‘पानं सगळी आहेत. प्रूफ बघायला येते मी,’ म्हणाल्या.

मोठा मुलगा त्यांना मोटरसायकलवर घेऊन आला. तो दाराशी बाकावर बसला, हेल्मेट मांडीवर ठेवून.

‘सिस्टर, वाचकाला शेवट नको का?’ मी विचारलं.

‘लूकनं तरी कुठं लिहिलाय? बाप बाहेर येतो, समजूत घालतो. मोठा आत गेला की नाही, येशूनं सांगितलंच नाही.’ मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘ताई, मी देवाला तारखा देत आले. या नाताळला दोघांना एका पंगतीत बसव, नाहीतर ईस्टरला बसव. आता तारखा देणं सोडलं. माझे दिवस तुझ्या हाती, असं आपण स्तोत्रात म्हणतो ना? मग पोरांचेही त्याच्याच हाती.’

मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. नगरच्या ख्रिस्ती घरांत त्या आठवतातच. 1895 साली त्यांच्या नवऱ्यानं, कवी नारायण वामन टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार फुटला. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, स्वतःही ख्रिस्ती झाल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. मधल्या वर्षांत त्यांना ते ठाऊक नव्हतं. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी त्या वर्षांतला राग आणि रडणं झाकलेलं नाही. देवावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाची गोष्ट अशीच लिहावी, असं मला वाटतं.

प्रूफ टेबलावर ठेवून सिस्टर चष्मा पुसत होत्या. मुलगा उठून आला, त्यानं कागद उचलले आणि उभ्याउभ्याच वाचायला लागला. आईनं त्याला काही सांगितलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मीही बोलले नाही. शेवटच्या पानावर तो बराच वेळ थांबला.

‘आई, हे चुकलंय,’ तो म्हणाला. ‘संध्याकाळ आहे म्हणतेस ना? मग मोठा अंगणात नुसता उभा नसणार. धारा काढायची वेळ ती. तो गोठ्यात असणार.’

‘बरं. मग मी तिथं जाऊन हाक मारते.’

‘हाक मारलीस तरी अर्धी धार टाकून कोणी उठतं का?’

‘मग आईनं काय करायचं रे?’

‘थांबायचं,’ तो म्हणाला. ‘धार होईस्तोवर थांबायचं.’

सिस्टरांनी माझ्याकडचं पेन मागून घेतलं. अंगण खोडून गोठा केला, आणि आई गोठ्याच्या उंबऱ्याशी टेकते असं एक वाक्य घातलं. त्याच्यापुढे काही लिहिलं नाही. कथा तशीच छापली.

निघताना मुलानं वर्षाची वर्गणी किती, ते विचारलं. मी म्हटलं, सिस्टरांना लेखकाची प्रत घरपोच येईल.

‘आईसाठी नाही,’ तो म्हणाला आणि पुण्याचा पत्ता सांगू लागला. इमारत, गल्ली, पिनकोड, सगळं तोंडपाठ. त्यानं पैसे टेबलावर ठेवले. पावती कोणाच्या नावानं करू, म्हणून विचारलं, तर त्यानं भावाचं नाव सांगितलं.