तुम्ही विचारलंत म्हणून: आकडा बदलला तरी बेरीज का हलत नाही?

"वजन बदललं, रक्कम तिथंच. असं का होतं हो मॅडम?" हंगामात हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आणि बेदाण्याच्या अडत दुकानांचे हिशेब मी बघते, त्यामुळे कुणाचं एक्सेल अडलं की फोन मला येतो. मी "कीबोर्डवरचं एफ-नाइन दाबा" म्हणते, आकडा हलतो, समोरचा "झालं, झालं" म्हणून फोन ठेवतो. पण तेवढ्यानं काम झालेलं नसतं. म्हणून आज सगळंच लिहिते.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. एका दुकानात एक म्हातारे शेतकरी पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती, घेऊन परत आले. काट्याच्या चिठ्ठीवर त्यांच्या हळदीचं वजन ४.९० क्विंटल होतं आणि पट्टीवर छापलं होतं ४.६०. टायपिंगची चूक. कॉम्प्युटरवरच्या पोरानं लगेच वजन दुरुस्त केलं, नवी पट्टी काढून हातात दिली. म्हाताऱ्यांनी ती उजेडात धरून वाचली, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडे वळले. "ताई, दर तेरा हजार चारशे, म्हंजे किलोला एकशे चौतीस. तीस किलो वाढलं. चार हजार वीस रुपये वाढाया पायजेत. ह्यात तर काईच वाढलं न्हाई."

खरंच वाढलं नव्हतं. वजन ४.९०, दर १३,४००, आणि रक्कम मात्र जुनीच, ६१,६४०. सेलवर क्लिक केलं तर फॉर्म्युला जागेवर, अगदी बरोबर. स्क्रीनच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कॅल्क्युलेट' असं लिहून आलं होतं. एफ-नाइन दाबलं आणि त्याच क्षणी ६५,६६० झाले.

तो कोपऱ्यातला शब्द म्हणजे एक्सेलचा निरोप असतो: काही आकडे बदललेत, मी अजून गणित केलेलं नाही, तुम्ही सांगाल तेव्हा करीन. 'फॉर्म्युलाज' टॅबमध्ये 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स' आहे. तिथं 'ऑटोमॅटिक'ऐवजी 'मॅन्युअल'वर खूण असली की असं होतं. दुसरी खूण म्हणजे फॉर्म्युला खाली ओढला की सगळ्या ओळींत पहिल्या ओळीचंच उत्तर दिसतं.

पोरगं शपथेवर सांगत होतं की त्यानं त्या सेटिंगला हात लावलेला नाही. ते खरं बोलत होतं. हा पर्याय दिसतो फाईलचा, पण तो चालतो अख्ख्या एक्सेलला. सकाळी जी फाईल पहिली उघडाल, तिची पद्धत त्या बैठकीतल्या बाकी सगळ्या फायलींना लागते. त्या दुकानात मालकांच्या पुतण्यानं स्टॉकची एक भलीमोठी फाईल केली होती. ती फार हळू चालते म्हणून त्यानं ती मॅन्युअलवर ठेवलेली, आणि रोज सकाळी तीच आधी उघडली जायची. तिच्यामागून पट्टीची फाईल उघडली की तीही मॅन्युअल. सेव्ह केली की ती खूण तिच्यातही जाते. मग दुसऱ्या दिवशी एकटी पट्टीची फाईल उघडली तरी तेच. व्हॉट्सअॅपवरून ती कर सल्लागाराकडे गेली आणि त्यांनी ती पहिली उघडली, की त्यांच्याकडच्या फायलींनाही लागण होते.

सगळ्यात त्रासाची गोष्ट पुढं आहे. मॅन्युअलमध्येसुद्धा 'सेव्ह करण्याआधी गणित करा' ही खूण सहसा चालूच असते. म्हणजे दुपारी पट्टी छापली जाते ती शिळ्या आकड्याची, आणि संध्याकाळी फाईल सेव्ह होताना तिच्यातला आकडा गुपचूप बरोबर होतो. नंतर फाईल कितीही तपासा, चूक सापडत नाही, कारण चूक फक्त शेतकऱ्याच्या खिशातल्या कागदावर उरते. आम्ही त्या रात्री पट्ट्यांच्या स्थळप्रती काढून एकेक ओळ फाईलशी ताडून बघितली. ज्यांचं वजन किंवा दर मागून दुरुस्त झाला होता, त्या सगळ्या पट्ट्या चुकलेल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन करून बोलावलं. ते म्हातारे बोटांवर मोजून बोलले नसते तर आम्हाला हे कळलंच नसतं, ही गोष्ट मला अजून लागते.

मग ही सोय ठेवलीच कशाला, असंही विचारतात. सोय जुनी आहे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसिकॅल्क हे एक्सेलसारखंच हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं, तेव्हाची यंत्रं इतकी हळू होती की प्रत्येक आकड्यागणिक सगळं पान पुन्हा मोजत बसणं परवडत नसे. म्हणून मोजणी थांबवून ठेवायची मुभा तेव्हापासूनच आहे. १९८३ च्या लोटस वन-टू-थ्री या तसल्याच सॉफ्टवेअरमध्ये ही मोजणी एफ-नाइनवर होती, तीच कळ आजही चालते. हजारो ओळींची ऊसबिलाची फाईल असेल तर मॅन्युअल ठेवा, माझी हरकत नाही. पण मग ती एकटीच उघडा, आणि एक्सेल पूर्ण बंद केल्याशिवाय पैशाच्या दुसऱ्या फाईलला हात लावू नका. मॅक्रो (एक्सेलमध्ये एकामागून एक कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) वापरत असाल तर तेही बघा. वेगासाठी बरेच मॅक्रो सुरुवातीला मॅन्युअल करतात, आणि मध्येच अडकले तर परत ऑटोमॅटिक करायचं राहून जातं.

एफ-नाइननंही आकडा हलला नाही, तर दुखणं वेगळं. बहुतेक वेळा आकडा हा आकडाच नसतो. वजनकाट्याच्या किंवा बँकेच्या सॉफ्टवेअरमधून आलेले अंक पुष्कळदा मजकूर म्हणून बसतात: सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले, कधी कोपऱ्यात हिरवा त्रिकोण. यातली फसवी बाजू अशी की वजन गुणिले दर हे गणित अशा अंकांवरही बरोबर येतं, पण बेरीज करणारा 'सम' हा फॉर्म्युला त्यांना सरळ वगळतो. ओळीतली रक्कम बरोबर आणि एकूण वजन कमी, असं दिसलं की मी हेच आधी बघते. तो कॉलम निवडून 'डेटा' टॅबमधलं 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडायचं आणि काही न बदलता 'फिनिश' करायचं. बहुतेक अंक ताळ्यावर येतात. उत्तराऐवजी फॉर्म्युलाच जसाच्या तसा दिसत असेल तर त्या सेलचा प्रकार 'टेक्स्ट' आहे. तो 'जनरल' करा, मग एफ-टू आणि एंटर. नुसता प्रकार बदलून भागत नाही. आणि बेरजेच्या जागी शून्य आलं, तर बेरजेच्या सेलनं स्वतःलाच बेरजेत धरलंय का ते बघा.

आता त्या दुकानात पट्टीची फाईल सकाळी पहिली उघडतात. पहिली पट्टी छापण्याआधी एक वजन मुद्दाम बदलून रक्कम हलते का बघतात आणि मग ते परत पहिल्यासारखं करतात. तुम्ही फोन कराल तेव्हा मीही "फॉर्म्युला काय आहे" हे मागून विचारीन. आधी एवढं बघून ठेवा: डाव्या कोपऱ्यात काय लिहिलंय, आणि आज सकाळी पहिली फाईल कुठली उघडली होती.